अंधारात कोण हसले

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी, कोथरूडमधल्या आमच्या दिवाणखान्यात, माझ्या खेळाडूंनी हसणाऱ्या तिघांना ठार मारले. खेळ नेहमीचाच, डन्जन्स अँड ड्रॅगन्स: प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचे आणि फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. पात्रे एका पडक्या गढीच्या तटाखाली मुक्कामाला होती, शेकोटी विझत आली होती, आणि डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारी, या नात्याने मी सांगितले की उत्तरेकडच्या झुडपांतून हसण्याचा आवाज येतो आहे. उंच, तुटक, एकाच्या हसण्यावर दुसऱ्याचे हसणे चढत जावे तसा. चौघांचेही हात लगेच वीस बाजूंच्या फाशांकडे गेले. "इनिशिएटिव्ह?" असे, म्हणजे लढाईत कोणाची पाळी आधी हे ठरवायचे का, असे एकाने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता फासा टाकलाही. अडीच फेऱ्यांत सगळे आटोपले. मशाल घेऊन प्रेते पाहायला गेल्यावर त्यांना दिसले की तिघांची तोंडे तरसाची होती आणि एकाच्याही हातात शस्त्र नव्हते. त्यांतल्या एकीच्या खांद्याला झोळी होती आणि झोळीत जुन्या कापडात एकेक वेगळी गुंडाळून बांधलेली हाडे होती.

"ही फसवणूक आहे," आमच्यातली पशुवैद्यक मैत्रीण म्हणाली. "तू सरळ 'हसतायत' असं सांगितलंस."

मी तसे सांगितले होते हे खरे, कारण ठिपकेदार तरसाचा तो आवाज माणसाच्या कानाला हसण्यासारखाच लागतो. मात्र आफ्रिकेत वर्षानुवर्षे तरसांच्या मागे राहिलेल्या अभ्यासकांचे निरीक्षण असे आहे की तो आवाज बहुतेक वेळा मार खाणारे, पाठलाग होत असलेले किंवा तोंडातला घास हिसकावला जाईल या भीतीने कासावीस झालेले, कळपात खालच्या पायरीवर असलेले जनावर काढते. त्या आवाजाच्या पट्टीवरून हसणाऱ्याच्या वयाचा आणि त्यातल्या चढउतारांवरून त्याच्या दर्जाचा अंदाज बांधता येतो, असेही अभ्यासातून पुढे आले आहे. या खेळातल्या तरसमुखी जमातीला मात्र गेली जवळजवळ पन्नास वर्षे आपण क्रौर्याची खूण म्हणूनच हसवत आलो. माझ्या खेळाडूंनी त्या रात्री जे केले, ते त्यांना खेळानेच शिकवले होते, आणि इतकी वर्षे डीएम म्हणून तेच मीही त्यांना शिकवत आले होते.

या जमातीचे नाव 'नोल'. इंग्रजी लिखाणात त्याच्या सुरुवातीला 'जी' हे अक्षर येते आणि ते मुके असते. आमच्या टेबलावर नवा भिडू आला की तो हमखास 'ग्नोल' म्हणतो आणि जुने भिडू त्याला हमखास सुधारतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ प्रथम प्रसिद्ध केला तेव्हा त्यात नोल होते, पण तरसाचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. नोम आणि ट्रोल या दोन अद्भुत जातींचा संकर, एवढीच त्यांची ओळख होती. नाव उचलले होते लॉर्ड डनसेनी या आयरिश लेखकाच्या १९१२ सालच्या संग्रहातल्या एका कथेवरून, आणि त्या लेखकाने हे प्राणी नेमके कसे दिसतात ते पुरेसे स्पष्ट केले नाही, अशी मिश्कील कबुलीही नियमपुस्तकात देऊन टाकली होती. तीन वर्षांनी, १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे खेळातल्या राक्षसांच्या पुस्तकात, या अस्पष्ट प्राण्याच्या धडावर तरसाचे डोके बसले. उंची सात फुटांच्या वर गेली आणि त्याच पुस्तकात त्यांच्यासाठी यीनोघू नावाचा एक असुरही अवतरला. ते डोके तिथे का आले याचे कारण कथेत शोधायला गेल्यास मिळत नाही. माझा आपला तर्क असा की रिकाम्या जागी एखादा घाणेरडा समजला जाणारा प्राणी हवा होता आणि तरस हाताशी होते.

पुढे हे डोकेच सगळी गोष्ट सांगू लागले. २०१४ च्या आवृत्तीत नोलांची उत्पत्ती अशी दिली आहे की यीनोघू पृथ्वीवर संहार करीत फिरला, त्याच्यामागे तरसांचे कळप उष्ट्यावर जगत गेले आणि त्या मांसाने फुगून त्यांच्यातून नोल निपजले. म्हणजे त्यांना आईबाप नाहीत, बालपण नाही, घर नाही. आहे ती फक्त भूक. २०२५ च्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलने तर एक पाऊल पुढे टाकून त्यांना माणसासारख्या जमातींच्या वर्गातून काढले आणि सरळ असुरांच्या वर्गात घातले. एका परीने हा प्रामाणिकपणाच म्हणायचा. मारताना मनाला टोचू नये अशी सोय हवी असेल, तर समोरच्याला पिशाच्चच ठरवणे बरे. फक्त मग त्याला तरसाचे तोंड कशाला लागते, एवढाच माझा प्रश्न आहे. पिशाच्चाला कुठलेही तोंड चालते.

वेगळा विचार कोणी केलाच नाही असे नाही. २००४ साली आलेल्या एबेरॉन या जगात नोलांच्या एका गटाने असुरांची उपासना सोडून आपसांत करार केला आणि ते पगारी शिपाईगिरी करू लागले. पाथफाइंडर या प्रतिस्पर्धी खेळात ते स्वतःला 'खोलो' म्हणवतात. तिथे ते २०२१ पासून खेळाडूंना घेता येतात आणि २०२४ च्या सुधारित पुस्तकात हेच त्यांचे अधिकृत नाव झाले. खोलोंच्या बायका टोळीच्या प्रमुख असतात आणि ते आपल्या मृतांना आदराने खातात. ही दुसरी गोष्ट मी तिथूनच उचलली आहे, हे आधीच सांगून टाकते.

आता तरसाविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण खरे जनावर त्याच्या राक्षसापेक्षा फार विलक्षण आहे. दिसायला कुत्र्यासारखे असूनही ते मांजरांच्या बाजूच्या कुळातले. जगात त्याच्या चारच जाती उरल्या आहेत आणि त्यांतली एक, आर्डवुल्फ, केवळ वाळवी खाऊन जगते. असुराच्या उष्ट्यातून निपजलेल्या वाळवीखाऊ नोलाचे चित्र मी अजून कोणाच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे रविवारांमागून रविवार चालणाऱ्या गोष्टीत, पाहिलेले नाही. ठिपकेदार तरसाची मादी नरापेक्षा मोठी आणि वरचढ असते. तिचे बाह्य जननेंद्रिय नरासारखेच दिसते, आणि अशाच गोंधळातून तरस दर वर्षी लिंग बदलते अशी कथा प्राचीन युरोपात पसरली. रोमन लेखक प्लिनीने ती लिहून ठेवली, आणि वर हेही की तरस मेंढपाळाला त्याच्या नावाने हाक मारून बाहेर बोलावते. त्याच्या कितीतरी आधी ॲरिस्टॉटलने लिंगाची ती समजूत खोडून काढली होती, पण रंगतदार गोष्टीपुढे खोडून काढणाऱ्याचे कोण ऐकतो! उष्टे खाऊन जगणारे भित्रे जनावर, हीसुद्धा अशीच समजूत. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात सेरेंगेटी आणि गोरोंगोरोमध्ये रात्री जागून पाहिले तेव्हा ठिपकेदार तरसे आपले बहुतेक अन्न स्वतः शिकार करून मिळवतात आणि कित्येकदा सिंहच येऊन ते बळकावतात, असे दिसून आले.

हे सगळे आफ्रिकेतले. आपल्याकडचे तरस पट्टेरी, आणि ते हसत नाही. बहुतेक वेळ ते गप्पच असते. संस्कृतातला 'तरक्षु' घासत घासत मराठीत 'तरस' झाला, म्हणजे ओळख जुनी आहे. तरी आपण त्याला फारसे काही दिलेले नाही. वाघाला वाघोबा करून शेंदूर लावला, नागाला नागोबा केले, रानातल्या दगडाचा म्हसोबा झाला, पण तरसोबा माझ्या ऐकण्यात नाही. तरस म्हटले की मसणवटा आणि उकरलेली पोरांची थडगी, एवढेच लहानपणी कानावर आले.

दोन वर्षांपूर्वी ते मी पहिल्यांदा पाहिले. पशुवैद्यक मैत्रिणीला सासवडच्या पुढे एका पोल्ट्रीवरून बोलावणे आले होते आणि सुट्टी होती म्हणून मीही दिवे घाट चढून तिच्याबरोबर गेले. शेडच्या मागे, जिथे मेलेल्या कोंबड्या टाकतात त्या खड्ड्यापाशी, उन्हे उतरल्यावर ते आले. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, त्यामुळे सबंध पाठ उतारासारखी शेपटीकडे घसरत गेलेली. अंगावर राखाडी धुळीत कोळशाने ओढल्यासारखे पट्टे, गळ्याशी काळा डाग आणि टोकदार मोठे कान. आम्हाला पाहून थांबले, मानेपासून शेपटीपर्यंतची आयाळ उभी करून क्षणात दुप्पट झाले, आणि आम्ही हललो नाही असे पाहून तितक्याच सावकाश पुन्हा लहान झाले. एक कोंबडी उचलून निघाले तेव्हा चालीत घाई नव्हती. "रोजचं हाय ते, मॅडम," राखणीचे काका म्हणाले. "काय करत न्हाय. मेलेली उचलतंय, जातंय."

त्या एका वाक्यावर मी माझ्या नोलांची पहिली नवी मांडणी उभी केली, आणि ती चुकली. कशी चुकली ते सविस्तर सांगण्यासारखे आहे.

माझ्या खेळातले जग दख्खनसारखे आहे: माळराने, गढ्या, आटलेल्या विहिरी, दुष्काळ. त्यात मी नोलांना मेलेले उचलणारे लोक केले. मैत्रिणीनेच मला मागे समजावून सांगितले होते की गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे देशातली गिधाडे कशी झपाट्याने संपली, २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी येईपर्यंत किती उशीर झाला होता, आणि गिधाडे नसली की गावाबाहेर काय साचत जाते. तेव्हा माझ्या जगात हे काम नोल करतील, असे मी ठरवले. गावोगाव त्यांची वस्ती वेशीबाहेर असेल, लोक त्यांना हिडीसफिडीस करतील, पण गुरे मेली की त्यांनाच बोलावतील. जन्मजात दुष्ट ही कल्पना मी काढून टाकली होती आणि तिच्या जागी मला फार सुंदर वाटणारी एक उपयुक्तता आणून ठेवली होती. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या चौकटीच्या वहीत मी त्यांच्या वस्त्यांचे नकाशेही काढले, प्रत्येक गावाच्या एका कडेला.

आमच्यातला एक भिडू सोलापूरचा आहे. त्याने वही हातात घेतली, दोन पाने उलटली आणि विचारले, "वस्ती गावाबाहेर, काम मेलेली ढोरं ओढायचं, आणि ते जन्मानेच ठरलेलं. म्हणजे यांना तू गावकी लावून दिलीस की गं."

माझ्याकडे उत्तर नव्हते. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस खाणे सोडून द्या असे सांगितले होते, हे मी शाळेत शिकले आहे, त्यावर गुण मिळवले आहेत, आणि तरीही नकाशाच्या कडेला चौकटी काढताना माझ्या हाताला काही जाणवले नव्हते. तो पुढे जे बोलला ते मला अधिक लागले. त्याच्या शहरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. हे नाव कुठून आले हे त्याला लहानपणी कोणी सांगितले नव्हते. तिकडे खेळायला जाऊ नकोस, एवढेच सांगितले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींचे लोक जन्मल्याबरोबर गुन्हेगार ठरत, त्यांना हजेरी द्यावी लागे, तारेच्या कुंपणात राहावे लागे, आणि सोलापूरची ती वसाहत त्यांतली एक होती. कायदा १९५२ साली रद्द झाला, जमाती विमुक्त झाल्या. नावाचा शिक्का तेवढा राहिला. "त्यामुळे 'ही सबंध जमातच वाईट' असं नियमपुस्तकात वाचलं ना, की मला ते काल्पनिक वाटतच नाही," तो म्हणाला. "मला ते सरकारी वाटतं."

या चर्चेत एक मुद्दा नेहमी पुढे केला जातो: अहो, खेळ आहे तो, राक्षस मारायचे आणि घरी जायचे. मला हा मुद्दा क्षुल्लक वाटत नाही. आठवडाभर नोकरी करून हिंजवडीहून दीड तास गाडी हाकत येणाऱ्या माणसाला रविवारी संध्याकाळी नीतिशास्त्राचा पेपर सोडवायचा नसतो, आणि माझ्याही कॅम्पेनमध्ये बेशक मारावीत अशी भुते पुष्कळ आहेत. पण ज्यांना भाषा आहे, पिल्ले आहेत, टोळीचा झेंडा आहे, वाटाघाटीची अक्कल आहे, त्यांना हे सगळे द्यायचे आणि माणूसपण तेवढे काढून घ्यायचे, हा आळस आहे. आणि त्यांना चांगुलपणाचा एखादा ठेका देऊन टाकणे हाही त्याच आळसाचा दुसरा प्रकार आहे, हे मला त्या वहीवरून कळले. जन्माने वाईट काय किंवा जन्माने कामाचे काय, दोन्हींत जन्मानेच सगळे ठरवून टाकलेले असते.

म्हणून दुसऱ्या मांडणीत मी नोलांचा गावाशी असलेला संबंधच तोडला आणि त्यांचे आपसांतले संबंध आधी लिहून काढले. इथे खऱ्या तरसाने पुष्कळ मदत केली. ठिपकेदार तरसांच्या कळपात पिल्लाचा दर्जा आईवरून ठरतो. ते आईच्या लगेच खाली बसते, आणि धाकट्याचा मान सहसा थोरल्यापेक्षा वरचा असतो, कारण आई धाकट्याची पाठराखण करते. एवढ्या एका नियमातून घराघरांतली भांडणे आपोआप तयार होतात. माझ्या टोळीत सध्या तीन बहिणी आहेत. थोरली यीनोघूला मानते, आणि त्यामागे क्रौर्य नसून हिशेब आहे: लहानपणापासून तिला दर वर्षी एकेक पायरी खाली ढकलण्यात आले, आणि भूक हा एकच देव दर्जा विचारत नाही असे तिला वाटते. मधली कोणालाच मानत नाही. धाकटी टोळीची प्रमुख आहे, जेमतेम विशीतली, आणि आईच्या आठवणीखेरीज तिच्याजवळ राज्य करण्याचे दुसरे साधन नाही.

नरांचे निराळेच. तरसांचे बहुतेक नर वयात आले की जन्माचा कळप सोडतात, दुसऱ्या कळपात जाऊन सगळ्यांच्या खाली बसतात आणि आधी आलेल्यांच्या मागे रांग लावून वर्षानुवर्षे वाट पाहतात. साहसी पात्रासाठी याहून चांगली पार्श्वभूमी मला विचार करून सुचली नसती. घर का सोडले, परक्यांच्या टोळक्यात का शिरला, उरलेल्यांची उष्टी बोलणी मुकाट्याने का ऐकतो, हे नर नोल निवडणाऱ्या खेळाडूला वेगळे लिहावे लागत नाही. सोलापूरच्या मित्राने तोच घेतला. त्याचा नोल जेवायला नेहमी शेवटी बसतो, आणि बाकीच्यांच्या हे लक्षात यायला तीन रविवार लागले.

नियमांत बदल थोडेच केले. २०१४ च्या नोलाला शत्रू पाडल्याबरोबर पुढे झेपावून आणखी एक चावा घेण्याची मुभा होती; ती मी फक्त थोरल्या बहिणीच्या अनुयायांकडे ठेवली. बाकीच्यांना तिच्या जागी हसणे दिले. नोलाचे निम्मे हिट पॉइंट, म्हणजे अंगात किती जीव उरला ते सांगणारे गुण, गेले की तो हसतो, आणि ते हसणे ऐकून टोळीतला जवळचा कोणीही आपली पाळी सोडून त्याच्या मदतीला येऊ शकतो. त्या रात्री झुडपांत हसणाऱ्या तिघांना तर अजून कोणी हातही लावला नव्हता. माणसांची शेकोटी पाहूनच ते हसले होते.

उरली ती हाडे. माझ्या टोळीत मृताला खाण्यापूर्वी त्याचे नाव मोठ्याने घेतात, आणि ज्याला नाव घेणारे कोणी नसेल त्याची हाडे तशीच जपून प्रमुखाकडे पोहोचवतात, की कोणाला तरी ती ओळखू येतील. झोळी घेऊन निघालेले ते तिघे हेच काम करीत होते. खेळाडूंनी बराच वाद घातला, झोळी तिथेच टाकून द्यावी इथपर्यंत मजल गेली, पण शेवटी पशुवैद्यक मैत्रिणीच्या पात्राने ती स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि गेल्या रविवारी सगळे टोळीच्या प्रमुखासमोर जाऊन उभे राहिले. तिने झोळी घेतली. एकेक गाठ सोडून हाडे हुंगली, दोन बाजूला ठेवली, मग या चौघांकडे पाहून विचारले की झोळी आणणारे कुठे आहेत. त्यांनी खरे सांगितले. खोटे बोलण्याची वेळ आली असती तर सोलापूरच्या मित्राने फासा आधीच हातात घेऊन ठेवला होता.

"त्यांची नावे सांगा," प्रमुख म्हणाली.

मैत्रिणीने पात्राचा आवाज सोडून माझ्याकडे वळून विचारले, "काय नावं होती गं त्यांची?"

मी वही उघडली. त्या रात्रीच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलेले होते: नोल १, नोल २, नोल ३, प्रत्येकी २२ हिट पॉइंट.